माझे मिस्टर ड्युटीवर आहेत

लॉन्सच्या पार्किंगमध्ये स्कूटी लावली की मी डिकीतून मंगळसूत्र काढून गळ्यात घालायचे आणि त्यावरून कॅमेऱ्याचा पट्टा. मंगळसूत्र वन ग्रॅमचं, नाशिकरोडच्या बाजारातून घेतलेलं. खरं कपाटात होतं, पण त्याला हात लावायची हिंमत नव्हती. आणि खोट्यासाठी खोटंच बरं, असं मी मनाला सांगितलं होतं. मग आरशात बघून छोटी टिकली काढायची, मोठी लावायची आणि आत जायचं. गेटवर नवरानवरीची नावं फुलांत लिहिलेली असत, बँडवाले घाम पुसत सावलीला बसलेले असत, आणि मी एक सवाष्ण बाई म्हणून मांडवात शिरायचे.

माझे मिस्टर त्याआधीच वारले होते. लग्नघरांत मात्र ते जिवंत होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते, आणि कुणी विचारलं की नेमके ड्युटीवर असायचे.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीला माहीत होतं, पण ते मी सांगितलं म्हणून नव्हे, तिने एकदा डिकी उघडली म्हणून. मी मुळात फार बोलणारी नाही. फोटो काढणाऱ्याला बोलावं लागत नाही, हा या धंद्यातला मला पहिल्यापासून आवडलेला भाग. "इकडे बघा", "हनुवटी थोडी खाली", "काका, जरा सरका" एवढ्यावर दिवस निघतो. पण यंदा एका गोष्टीला तोंड फुटलं, आणि एकदा फुटलं तर आता सगळंच लिहून टाकते.

मी फोटोग्राफर होईन असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, माझ्या तर नाहीच. मिस्टर एकलहऱ्याला कोळशाच्या विभागात कंत्राटी कामावर होते, एवढं खरं होतं. काविळीचं निमित्त झालं आणि ते गेले. मुलगी तेव्हा शाळेत. लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता, तो इतकी वर्षं नुसताच पडून होता. त्याच्या जोरावर नाशिकरोडच्या एका कलर लॅबमध्ये अल्बम डिझाइनला लागले. फोटोग्राफर मंडळी लग्नाचे ढीगभर फोटो आणून टाकत, आणि आम्ही ते निवडून, कापून पानांवर बसवायचो. नवरानवरीच्या मागे बर्फाचे डोंगर लावायचे, गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या, मामांच्या डोक्यातून उगवलेला पंखा पुसून टाकायचा. सिन्नर, दिंडोरी, निफाड, सगळीकडची लग्नं मी त्या खुर्चीत बसून पाहिली.

बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. या सगळ्या अल्बमांत नवरीची आई सापडत नसे.

म्हणजे असायची, पण अर्धी. कुणाच्या तरी मागून तिचा खांदा दिसायचा. हातात ताट घेऊन ती फ्रेमच्या बाहेर निघालेली असायची. स्टेजवरच्या ग्रुप फोटोत उभी असायची, पण नजर खाली, कुणीतरी जेवायचं राहिलंय का ते बघत. काढणारे सगळे पुरुष, त्यांचं लक्ष स्टेजवर; आणि आई काही स्टेजवर नसते. अल्बमचं शेवटचं पान, पाठवणीचं, बनवायला घेतलं की मला आईचा एक धड चेहरा लागायचा आणि मिळायचा नाही. मग मी कुठल्यातरी फोटोच्या कोपऱ्यातून तिचं नखाएवढं तोंड उचलून मोठं करायचे. ते फाटायचं, दाणेदार व्हायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मम्मीचा चांगला नाही का दुसरा?" नसायचाच.

तर एके दिवशी आमचे लॅबवाले शेठ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, जुन्या नाशकात एक लग्न आहे. बायकांच्या बाजूला बाईच फोटोग्राफर पाहिजे म्हणतात. जाता का?"

"मी? अहो, मी कॅमेरा कधी धरलाय?"

"दिवसभर क्रॉप करताना लोकांच्या मुंड्या उडवता ना? आता न उडवता काढायच्या. एवढंच."

दोन दुपारी त्यांनी मला लॅबच्या मागच्या बोळात उभं करून शिकवलं. बोळातली मांजर, पाण्याची टाकी, स्वतः शेठ, एवढ्यांवर हात बसवून मी गेले.

ते मुस्लिम घरचं लग्न होतं. वरच्या मजल्यावर बायकाच बायका, अत्तर, मेंदी, पोरींचा कलकलाट. मी कॅमेरा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. नवरीची मावशी समोर येऊन बसली, "आपा, मेरी नाक जरा छोटी करके निकालना हां," आणि सगळ्या खोखो हसल्या. तो हसण्याचा फोटो मी काढला. काम तिथून सुरू झालं. नवरीची आई मला जिन्याच्या वळणावर सापडली. खालून कुणीतरी काहीतरी मागत होतं, वरून कुणीतरी हाक मारत होतं, आणि ती मधल्या पायरीवर क्षणभर नुसती उभी होती, ओढणीचं टोक तोंडाशी धरून.

त्या घरातल्या आजीबाईंनी मला विचारलं होतं, "तुम्हारे मियाँ क्या करते?" मी सांगितलं, नहीं रहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पहले खाना खा ले, फिर खींच."

दुसऱ्या दिवशी शेठ स्क्रीनवर फोटो सरकवत होते. जिन्यातल्या आईपाशी थांबले.

"हा कुणी काढला?"

"मीच."

"हं," ते म्हणाले.

आमच्या शेठचं 'हं' म्हणजे इतरांची शाल आणि श्रीफळ. त्या दिवशी मी घरी बसने न जाता चालत गेले. पायात काहीतरी भरून आल्यासारखं झालं होतं, ते चालून जिरवावंसं वाटलं.

पुढचं लग्न गंगापूर रोडच्या लॉन्समध्ये होतं. नवरीच्या खोलीत साडीच्या निऱ्या, गजरे, पिना, हेअर स्प्रेचा ढग. नवरीची एक काकू सगळ्यांवर हुकूम सोडत होती. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. बायकांचं बघणं मला कळतं. कपाळ, मग गळा, मग हात.

"ताई, तुमचे मिस्टर काय करतात?"

इथे जरा मागचं सांगायला हवं. मिस्टर गेल्यानंतर वर्षभराने माझ्या भावाच्या मुलीची हळद होती. तिला लहानपणी मी मांडीवर घेऊन भरवलेलं. हळदीचं ताट उचलायला पुढे झाले तर भावजय अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही स्वयंपाकाकडे बघता का जरा? तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." कुणी काही वाईट बोललं नाही. उलट माझं कौतुकच केलं. मी आत जाऊन मसालेभातावर नजर ठेवली, आणि बाहेरची गाणी भिंतीआडून ऐकली. अपमान झाला असता तर भांडता तरी आलं असतं.

म्हणून त्या काकूने विचारलं तेव्हा मला समोर पुन्हा मसालेभात दिसला. आणि तोंडातून गेलं, "एकलहऱ्याला आहेत. आज ड्युटीवर गेलेत."

"बरं बरं. उभ्या का, या ना पुढे."

एवढंच. इतकं सोपं होतं ते. त्या दिवशी अंतरपाट धरला होता तेव्हा मी नवरीपासून हातभर अंतरावर होते. सगळा मांडव अक्षता मुठीत धरून मागे उभा, आणि पुढे भटजी, अंतरपाट धरणारे दोघं, नवरानवरी आणि मी. अंतरपाट खाली आल्यावर त्या मुलीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं फार फार तर श्वासाएवढं टिकतं, मग वाजंत्री, मग गर्दी. ते मला मिळालं. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी ते वन ग्रॅमचं विकत घेतलं.

त्यानंतर मिस्टरांची नोकरी सुरू राहिली. दिवसाचं लग्न असेल तर त्यांची फर्स्ट शिफ्ट असायची, संध्याकाळच्या रिसेप्शनला सेकंड. कुणी फारच आग्रह केला, की जेवायला तरी बोलवा त्यांना, की मग ओव्हरटाइम. मध्येच कधीतरी मी त्यांना सुपरवायझर करून टाकलं, एका बाईने "अजून कामगारच का?" असं नाक मुरडून विचारलं आणि मला त्यांच्या बाजूने राग आला. मुलीने डिकी उघडली ती या काळात. दोन दिवसांनी मी बॅग भरत होते तर ती चहा पीत पीत म्हणाली, "आई, आज बाबांना कुठली शिफ्ट दिलीस?"

मी रागवायला तोंड उघडलं आणि हसायला आलं. मग ती पण हसली, आणि मग दोघींनाही हसू आवरेना. तेवढं हसल्यावर जे रडू येतं तेही आलं. पण मंगळसूत्र डिकीतच राहिलं.

काम वाढत गेलं. शेठनी लॅबचं काम कमी केलं तेव्हा मी त्यांच्याच ओळीत एक छोटा गाळा घेतला. पाटीवर माझं नाव आहे. ड्रोनला आणि व्हिडिओला मी मुलं बोलावते, द्राक्षबागेत प्री-वेडिंग करते, हल्ली रील्सही बनवते. पण लोक येतात ते माझ्या फोटोंसाठी. मी चांगली फोटोग्राफर आहे. हे वाक्य लिहिताना मी दोनदा उठून पाणी प्यायले, पण ते खोडणार नाही. माझ्या अल्बमांत आई असते, पूर्ण असते, डोळे उघडे असतात. दुसऱ्या फोटोग्राफरांच्या पोरांना मी बघते, तीही आता मांडवात आल्यावर आधी विचारतात, नवरीची आई कोणती? हे नाशकात मी सुरू केलं.

विंचूरच्या बाजूचं एक कांदा व्यापाऱ्यांचं घर मला असंच एका लग्नात भेटलं. घरची बाई माझ्याच वयाची, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. मी तिला वहिनी म्हणते. थोरल्या मुलीचं लग्न तिने मला दिलं. हळद त्यांच्या कांद्याच्या खळ्यावर, पत्र्याच्या शेडखाली मांडव घालून. त्यांच्यात जात्यावर हळद दळायला आणि नवरीला पहिली लावायला पाच सवाशिणी बसतात. चौघी बसल्या होत्या. पाचवी, कुणी मामी, गाडीत अडकलेली; उन्हाळ कांद्याचे दिवस, लिलावाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरून गेलेला. भटजी घाई करत होते. वहिनीने इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

"ओ फोटोवाल्या ताई! या बसा तुम्ही. सवाशीण हायेत ना, मंग? या या, मामीच्या नावानं किती येळ थांबायचं!"

मी नाही म्हणू शकले असते. पाय दुखतो, फोटो राहतील, काहीही. पण नवरी पाटावर बसून माझ्याकडे बघत हसत होती. मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि बसले. जात्याच्या खुंट्यावर चार हातांवर माझा पाचवा हात. मग ती ओली हळद घेऊन मी तिच्या गालांना लावली, कपाळाला, हातांना. मला सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला वाईट वाटलं नाही. फार छान वाटलं. बोटांना तिचे गाल गरम लागत होते.

वाईट वाटायला लागलं ते नंतर. मी माझ्या मुलीला सांगत असते, हे सगळं खुळचट आहे, माणसाच्या हाताने कुणाचं काही होत नाही. आणि तरी त्यानंतर कितीतरी दिवस विंचूरहून फोन आला की मी आधी थोरलीची खुशाली विचारायचे. काही झालं तर नाही ना त्या पोरीला? तिच्या नवऱ्याला ताप आल्याचं कळलं तेव्हा मला झोप लागली नाही. ताप उतरला, तो दुकानात जायला लागला, पुढे तिने डोहाळेजेवणाचे फोटो काढायला बोलावलं, तेव्हा कुठे मी सैल झाले. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. ती मला आपली मानत होती. मध्ये एकदा तिने तिच्या भाच्याचा बायोडेटा आणून दिला, "तुमच्या मिस्टरांना सांगून एकलहऱ्याला चिकटवा ना पोराला." मी म्हटलं, "ते कुणाचं ऐकत नाहीत हो." हे मात्र ते असतानाही खरं होतं.

यंदा वहिनी गाळ्यात आली. सोबत थोरली, तिच्या कडेवर पोर.

"ताई, बारकीची सुपारी फुटली! तारीख लिहून घ्या, दुसऱ्या कोणाला देऊ नका. आन् ऐका," तिने खुर्ची पुढे ओढली. "थोरलीला तुमचा हात लागला, बघा कसं झ्याक चाललंय तिचं. सासू लेकीवानी वागवती. बारकीला बी पहिली हळद तुम्हीच लावायची. पाचातल्या पहिल्या तुम्ही. आत्ताच सांगून ठेवते, मंग फोटोचं निमित्त नाय चालायचं."

मी थोरलीकडे बघितलं. ती हसत होती, पाटावर बसून हसली होती तशीच, आणि पोराला सांगत होती, "ही कोण? हिनं मम्मीला हळद लावलीय." खोटं माझ्यापुरतं होतं तोवर मी ते निभावून नेलं. आता ते या बायकांच्या विश्वासात जाऊन बसलं होतं, आणि उद्या पोराच्याही विश्वासात बसणार होतं.

"वहिनी, मला हळद लावता येणार नाही."

"का? तारीख गेली का?"

"तारीख मोकळी आहे. मी सवाशीण नाही."

ती हसली. "काय बी बोलता ताई!" मग तिची नजर माझ्या गळ्यावर आली. गिऱ्हाईक येणार म्हणून सकाळीच घातलेलं होतं.

"हे बाजारातलं आहे," मी म्हटलं.

गाळ्यात पंखा फिरत होता. पोर ट्रायपॉडचा पाय धरून हलवत होतं.

"कधी?" वहिनीने विचारलं.

"थोरलीच्या लग्नाच्या आधी. खूप आधी."

"मंग ते ड्युटीवर..."

"नव्हते."

तिने पर्स उचलली. थोरली म्हणाली, "मम्मी, बस ना जरा."

"ऊठ. घरी कामं पडलीत." दारात थांबून ती वळली. चेहरा रागाचा नव्हता, त्याहून वाईट होता. "मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी पोराच्या मुठीतून ट्रायपॉडचा पाय सोडवला आणि त्याला थोरलीकडे दिलं. उत्तर होतं. ते एवढं लांब होतं की दारात मावलं नसतं.

पुढचे दिवस मी फोनकडे बघत काढले. विंचूर, लासलगाव, निफाड या भागातलं माझं निम्मं काम वहिनीच्या तोंडून आलेलं. तिने एका हळदीकुंकवात ही गोष्ट काढली की त्या बाजूला मला कुणी मांडवात घेणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे पुन्हा लॅबची खुर्ची, पुन्हा दुसऱ्यांचे फोटो. मुलगी म्हणाली, "गेली गिऱ्हाइकं तर जाऊ देत. बाबांना एकदाचं रिटायर तरी कर."

त्या दिवसांत मला कळलं की मला आतून जी गोष्ट खाते ती मंगळसूत्राची नाहीच. ती वेगळी आहे. मिस्टर असते तर मी यातलं काहीच केलं नसतं. त्यांना वाईट म्हणत नाही. चांगला माणूस होता, पण बायकोने लोकांच्या लग्नांत रात्री उशिरापर्यंत फिरणं त्यांना चाललं नसतं, आणि मीही हट्ट धरला नसता. कॅमेरा माझ्या हातात आला तो ते गेल्यामुळे. मांडवाच्या पुढे उभं राहून एखादा फोटो मनासारखा मिळाला की आधी आनंद व्हायचा आणि लगेच त्याच्या मागे हा विचार यायचा. म्हणूनच बहुतेक मी त्यांना जिवंत ठेवत होते. बघा, तुम्हीही आहात, मीही काम करते आहे, दोन्ही एकदम चालतंय, असं काहीतरी. ते चालत नव्हतं. ते नाहीत, आणि मी या कामात चांगली आहे. दोन्ही खरं आहे, आणि यातल्या दुसऱ्याचा अभिमान वाटायला मी पहिल्याची माफी मागत बसायची गरज नाही, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा स्वतःशी म्हणता आलं.

मग वहिनीचा फोन आला.

"आमच्या भाच्याचा बायोडेटा कुठंय?"

"गाळ्यात आहे. खणात."

"म्हंजे पोरगं दोन वर्षं वाट बघतंय नोकरीची!" आणि ती एकदम हसायला लागली. मीही हसले, पण सांभाळून. मग तिने आवाज खाली आणला.

"ऐका ताई. बारकीच्या हळदीला या. फोटो काढायला. पाचात नको. माझ्या वन्सं हायेत ना, त्यांच्या जिवाला लागेल, आन् खरं सांगू, माझ्या बी लागेल. तुम्ही खरं बोललात, मी बी खरंच बोलते."

"बरं," मी म्हटलं. अर्धा होकार होता. पण तो मला मिळाला होता, माझ्या नवऱ्याला नव्हे.

हळद पुन्हा त्याच शेडखाली. मी मोकळ्या गळ्याने गेले, टिकली नेहमीची छोटी. मांडवात शिरताना बायकांची नजर कपाळ, गळा, हात अशी फिरली, आणि बातमी आधीच पोचली आहे हे मला कळलं. पाच सवाशिणी जात्याभोवती बसल्या. वहिनी नवरीच्या पाठीशी. आणि वन्सं, म्हणजे नवरीची आत्या, जात्याच्या उजव्या हाताला, जरीचा पदर डोक्यावरून घेऊन. मी गुडघ्यावर बसून कॅमेरा लावला तोच तिचा आवाज आला.

"ओ ताई, जरा लांबून काढा."

गाणं थांबलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, नवरीसुद्धा. मला लांबून काढता आलं असतं. लांबची लेन्स बॅगेत होती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "लांबून नुसत्या पाठी येतात. तुम्हा पाच जणींच्या पाठींचा अल्बम करून देऊ का?"

कुणीतरी फिसकन् हसलं. आत्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीचे दोन्ही हात हळदीने भरलेले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, नणंदेकडेही नाही. नवरीच्या केसांतून निसटलेला गजरा ती मनगटाने वर सारत होती.

"काढू द्या, वन्सं," ती म्हणाली. "काम हाय ते त्यांचं. त्यांच्यावानी कोणी काढत नाय."

पुन्हा कौतुकच होतं. पण या वेळी ते मला मांडवातून उठवायला केलेलं नव्हतं. मी पुढे सरकले. जात्याचा खुंटा, पाच हात, बांगड्या, उडणारी पिवळी भुकटी, आणि त्यातून वर बघणारी बारकी. मी काढत राहिले. कुणी पुन्हा काही बोललं नाही. गाणं सुरू झालं, आणि थोड्या वेळाने मी तिथे आहे हे त्या विसरल्या. माझ्या कामात याहून मोठी पावती नसते.

नवरीला आंघोळीला नेलं तेव्हा मी शेडच्या खांबाशी उभी राहून फोटो तपासत होते. शेजारी जरीचा पदर सळसळला.

"माझा कसा आलाय बघू."

मी स्क्रीन तिच्यापुढे धरली. आत्याने चष्मा सारखा केला, डोळे बारीक केले आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याच्यात मी लय म्हातारी दिसते. परत काढा."

"त्याला जवळून काढावा लागेल, आत्याबाई. अगदी जवळून."

तिने पदर डोक्यावर नीट ओढला, बोटाने कपाळावरची हळद पुसली आणि खांबाला टेकून ताठ उभी राहिली.

"मंग या की," ती म्हणाली.